किन्नराची सहा वर्षं

२०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तेव्हा थोरल्या भावाला घेऊन मी कल्याण पूर्वेतल्या एका सायबर कॅफेत बसलो होतो. अर्जात मुख्य व्यवसाय कोणता, असा एक रकाना होता आणि त्या व्यवसायातला अनुभव किती वर्षांचा, असा दुसरा. दादा म्हणाला, "ट्रक ड्रायव्हर. शहाऐंशीपासून." कॅफेतल्या मुलाने पस्तीस हा आकडा टाकला.

मला ते खटकलं. दादा गाडीवर गेला तो शहाऐंशी साली नव्हे, ऐंशी साली. त्या जूनमध्ये तो नववीत जाणार होता, पण गेला नाही. चाळीतल्याच एका ड्रायव्हरबरोबर तो इंदूरला गेला आणि अकराव्या दिवशी परत आला तेव्हा त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मी विचारलं, "आणि त्याआधीची सहा वर्षं?" दादा म्हणाला, "ती कुठं मोजतात?"

या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. मी इतिहासाचा पदवीधर नाही. भिवंडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्या काळात हजारो गाड्यांचे नंबर, मालकांची नावं आणि ड्रायव्हरांचे लायसन्स नंबर मी लिहिले. किन्नराचं नाव मात्र एकदाही लिहिलं नाही, कारण बिल्टीवर त्याच्यासाठी जागाच नव्हती. आपल्या भागात लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर तयार कसा होत असे, याचा शोध घ्यायला बसलो तेव्हा ही रिकामी जागा मला सगळीकडे भेटली. कायदे आणि निकाल वाचायला मिळाले. बाकीचं ठाणे, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडून मिळवावं लागलं.

वाट जुनी, गाडी नवी

कल्याणहून माल घाटावर चढवण्याचा धंदा सातवाहनांइतका जुना आहे. बंदरात उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात आणि शेजारच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. पुढे हे काम लमाणांच्या बैलांनी आणि गाडीवानांनी केलं. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली, १८६३ साली बोरघाट चढली आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला गेली. त्यानंतरची जवळपास ऐंशी वर्षं लांबचा माल म्हणजे रेल्वेचाच माल होता.

ट्रकचं राज्य दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या विक्रीला निघाल्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पंजाबातून आलेल्या अनेकांनी मुंबईभोवती मोटारधंदा धरला. १९५४ साली टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक येऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याचं वागळे इस्टेट, पाठोपाठ डोंबिवली, अशा वसाहती भरू लागल्या. शहाडचं रेयॉन, अंबरनाथच्या आगपेट्या, भिवंडीचं कोरं कापड या मालाला वॅगनची वाट पाहणं परवडत नव्हतं. १९५१ साली देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा सुमारे ८९ टक्के होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो एक तृतीयांशाच्याही खाली आला. उरलेला माल ज्यांनी वाहिला त्यांत आपल्या विषयाची माणसं आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि त्याबरोबर आगार, गणवेश, हजेरीपट, प्रशिक्षण, चाचणी हे सगळं आलं. मालवाहतूक मात्र खासगी राहिली आणि तीही छोट्या मालकांची, एक गाडी किंवा दोन गाड्या असलेल्यांची. एसटीच्या चालकाची निवड झाली की आधी त्याचं प्रशिक्षण होई. पण भरतीलाच अवजड वाहन चालवण्याचा काही वर्षांचा अनुभव मागितला जाई. हा अनुभव उमेदवाराने कुठून आणायचा? बहुतेक वेळा तो ट्रकवरूनच येई. म्हणजे सरकारी चालकही पहिल्यांदा घडला तो सरकारच्या नोंदीबाहेर, कुणातरी उस्तादाच्या डाव्या बाजूला बसून.

शब्द आणि काम

किन्नर हा शब्द ऐकून नव्या वाचकाचा गोंधळ होईल. देवलोकातल्या गायकांशी किंवा आज या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी क्लीनर मराठी तोंडात बसताना क्लिनर, किलिंडर, किन्नर असा घासत गेला. हिंदी मुलखात याच माणसाला खलासी म्हणतात. आपल्याकडे खलाशी म्हणजे जहाजावरचा माणूस. बंदराच्या कल्याणात एकेकाळी खलाशी असतील, त्याच गावात दोन हजार वर्षांनी ट्रकवरचे खलासी उतरू लागले. शब्दाने समुद्र सोडला, पण काम फारसं बदललं नाही. दोर बांधायचा, माल राखायचा, दुसऱ्याच्या हुकमाने चालायचं.

आमच्या भागातल्या मुलांच्या दोन पायऱ्या होत्या. पहिली 'लोकल'. उल्हास खाडीची रेती आणि कल्याण-टिटवाळ्याकडच्या वीटभट्ट्यांच्या विटा वाहणाऱ्या गाड्या. या गाड्यांचे मालक बहुधा इथलेच, त्यांत आगरी समाजातले पुष्कळ. रात्री घरी येता येई. दुसरी पायरी 'लाइन'. लाइनवर गेला म्हणजे इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, दिल्ली. लोकलच्या किन्नराला लाइनचा किन्नर कमी लेखत असे. मुलं कुठून येत? काही कल्याण-ठाण्याच्या चाळींतली. काही सातारा, सांगली, नगर, बीडकडची, बाहत्तरच्या दुष्काळात घरादारासह इकडे आलेली. काही थेट पंजाब किंवा उत्तर प्रदेशातून उस्तादाच्या गावची म्हणून आलेली.

कामाचा क्रम ठरलेला होता. लेखी अभ्यासक्रम नसला तरी मी ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्यांनी तो जवळपास एकसारखा सांगितला. पहिलं वर्ष धुण्या-पुसण्याचं. पहाटे उठून केबिन झाडायची, देवाच्या तसबिरीला उदबत्ती लावायची, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, उस्तादाचा चहा आणायचा. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडू बांधायचे ते यानेच.

मग टायर. गाडी थांबली की किन्नराने खाली उडी मारायची आणि टॉमीने प्रत्येक टायर वाजवत गाडीभोवती फिरायचं. मागच्या धुऱ्यावर जोडीने टायर असतात. आतला बसला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. कळतं ते आवाजावरून. भरलेला टायर टणटणीत वाजतो, हवा गेलेला धप्प वाजतो. दादा म्हणतो की आठवड्याभरात फरक कळायला लागतो, पण रात्री दोन वाजता झोपेत असतानाही कळायला लागला की तो खरा कळला.

मग दोर आणि ताडपत्री. जड माल तळाला आणि पुढे, हलका वर. फाळका लावायचा, ताडपत्री ओढायची, आकड्याला दोर अडकवून गाडीच्या या बाजूने त्या बाजूला न्यायचा. कापडाची गाठोडी पावसात भिजली तर भाड्यातून पैसे कापले जात आणि ते कुणाच्या तरी भत्त्यातून वसूल होत. एका दुपारी फाळका लावताना दादाच्या डाव्या मधल्या बोटाचं टोक गेलं. औषधाचा खर्च ड्रायव्हरने केला. मालकापर्यंत ती गोष्ट गेलीच नाही.

डावी बाजू ही किन्नराची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि त्या काळच्या नाकाड्या गाडीत डावीकडचं त्याला फार कमी दिसे. कापूरबावडीच्या गर्दीत, भिवंडीच्या गल्ल्यांत, गोदामाच्या फाटकात गाडी मागे घेताना किन्नराचा आवाज आणि दारावरची थाप हाच ड्रायव्हरचा डावा डोळा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. चूक झाली तर शिव्या खायच्या, कधी मारही.

आणि घाट. मुंबई-आग्रा रस्त्याने भिवंडी, पडघा, शहापूर करत कसाऱ्याला पोचलं की भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढे. किन्नर लाकडी ठोकळा किंवा दगड हातात घेऊन मागच्या चाकाजवळून चालत राही. गाडी थांबली, इंजिन बंद पडलं, की क्षणात तो चाकामागे टाकायचा. उतारावर ब्रेक तापतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. हा नियम बहुतेक सगळ्यांनी मला आपणहून सांगितला. दोघातिघांनी त्याबरोबर तो न पाळलेल्या माणसाची गोष्टही सांगितली.

गाडी चालवणं या सगळ्याच्या शेवटी येई. आधी इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कधी बदलायचा हे डोक्यात बसवायचं. मग उस्ताद क्लच दाबणार आणि किन्नर दांडा ढकलणार. जुन्या गिअरबॉक्सला दोनदा क्लच द्यावा लागे आणि आवाज जुळला नाही तर दात करकरत. मग मोकळ्या मैदानात गाडी पुढे-मागे. मग एके रात्री, रस्ता सरळ आणि मोकळा पाहून, उस्ताद उठून बाजूला सरके. दादाच्या बाबतीत ही रात्र पडघा आणि शहापूरच्या मध्ये आली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यापुढे तो काही सांगत नाही, इतकंच म्हणतो की उस्ताद झोपला नव्हता, डोळे मिटून पडला होता.

या शिक्षणाला मी नटवून सांगू इच्छित नाही. यात मार होता, अर्धपोटी झोप होती, वाईट व्यसनं लवकर लागत, आणि धाब्यावर झोपलेल्या कोवळ्या मुलाला ट्रकपेक्षाही जास्त धोका माणसांकडून असे. पळून आलेली मुलं मला भेटली नाहीत, कारण मी शोधली ती टिकलेली माणसं. हे लिहिताना त्या न भेटलेल्यांचं भान ठेवायला हवं.

कायद्याच्या दोन टोकांमध्ये

आता कागदाकडे वळतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने वाहतुकीची गाडी चालवण्याचं किमान वय २० ठरवलं. १९८८ चा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तरी हे वय तेच राहिलं. शिवाय आधी हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष असल्याशिवाय वाहतुकीच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळणार नाही, अशी अट आली. अट रास्तच आहे. पण शाळा सोडलेला चौदा वर्षांचा मुलगा विसाव्या वर्षापर्यंत काय करणार आणि विसाव्या वर्षी घाटात गाडी चालवायची कला त्याला कुठे मिळणार, याचं उत्तर त्यात नव्हतं. चौदा ते वीस ही सहा वर्षं कायद्याने मोकळी सोडली आणि धंद्याने ती किन्नरकीने भरून काढली.

१९६१ हे साल या बाबतीत विलक्षण आहे. त्या एका वर्षात संसदेने दोन कायदे केले. एक मोटार वाहतूक कामगार कायदा, दुसरा शिकाऊ उमेदवार कायदा. पहिल्यात कामगाराच्या व्याख्येत ड्रायव्हर, कंडक्टर यांच्याबरोबर क्लीनर हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर परवानगीने दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. पंधरा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही (१९८६ साली ही मर्यादा चौदा झाली). त्यावरच्या आणि अठराखालच्या मुलाला सहा तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात अजिबात नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. कारण ट्रकचं काम रात्रीचंच असतं. शहरांत दिवसा अवजड गाड्यांना बंदी, म्हणून रात्र. पण त्याहून मोठी गोष्ट कायद्याच्या सुरुवातीला होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेलाच हा कायदा लागू. एका गाडीच्या मालकाकडे एक ड्रायव्हर आणि एक किन्नर. बेरीज दोन. ज्या धंद्यातले बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचे, त्या धंद्यातला बहुतेक माणूस या कायद्याच्या दाराबाहेर राहिला.

दुसऱ्या कायद्यात शिकाऊ उमेदवाराचं किमान वय चौदा. करार, विद्यावेतन, ठरलेली मुदत, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. हाच तो मुलगा, हेच ते वय. पण त्या कायद्यापुढे होता तो कारखाना. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत फिटर किंवा टर्नर व्हायला गेलेला मुलगा शिकाऊ उमेदवार झाला. त्याच वागळे इस्टेटचा माल घेऊन कसारा चढणारा त्याच्या वर्गातला मुलगा कुणीच झाला नाही. मोटार मेकॅनिकला प्रमाणपत्र होतं, मोटारीवर शिकणाऱ्याला नव्हतं.

त्यात मालक कोण, हाही प्रश्न होता. मालक ड्रायव्हर ठेवी आणि ड्रायव्हर किन्नर आणी. भत्ता ड्रायव्हरच्या हातून मिळे. मालकाला कित्येकदा किन्नराचं नावही माहीत नसे. माझ्या ऑफिसात एखादा मालक फोनवर विचारी, "गाडीवर पोरगा कोण आहे?" आणि मी खिडकीतून वाकून पाही.

अपघातानंतरचं नाव

मग कागदावर किन्नर येतो कधी? मला तो सापडला अपघातांच्या खटल्यांत.

१९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या विषयात पायाभूत मानला जातो. स्कॅन्डिया विमा कंपनीचा खटला म्हणून तो ओळखला जातो. घटना गुजरातमधली. ट्रकचा लायसन्सधारक ड्रायव्हर रस्त्यापलीकडच्या दुकानातून खायला आणायला उतरला. इंजिन चालू होतं, किल्ली जागेवर होती आणि केबिनमध्ये लायसन्स नसलेला किन्नर होता. किन्नराने गाडी चालवली आणि एक माणूस मेला. विमा कंपनी म्हणाली, लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली, आम्ही भरपाई देणार नाही. न्यायालय म्हणालं, मालकाने लायसन्स असलेला ड्रायव्हर नेमला होता, अटीचा भंग मालकाने जाणूनबुजून केलेला नाही, म्हणून कंपनीची जबाबदारी सुटत नाही. मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला न्याय मिळाला आणि ते योग्यच झालं.

पण हा निकाल मी दादाच्या नजरेने वाचला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो मालक आणि विमा कंपनी यांच्यातला. केबिनमध्ये लायसन्स नसलेला मुलगा का असतो, किल्ली आपल्या हाताजवळ दिसली की त्याचा हात का पुढे जातो, वर्षानुवर्षं तो कशाची वाट पाहत असतो, हे विचारणं न्यायालयाचं काम नव्हतं. दुसऱ्या कुणाचं काम असेल तर त्यानेही ते केलं नाही.

दुसऱ्या प्रकारच्या खटल्यांत किन्नर स्वतः मेलेला असतो. १९८८ च्या कायद्याप्रमाणे मालगाडीतून नेल्या जाणाऱ्या मालकाच्या नोकराबद्दलची जबाबदारी विम्यात येते. पण फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिला. त्यानंतर अपघात दावा न्यायाधिकरणांत एक प्रश्न निर्णायक झाला. ट्रकमध्ये मेलेला हा मुलगा किन्नर होता, की वाटेत बसवलेला प्रवासी? नेमणुकीचं पत्र नाही, हजेरी नाही, पगाराची पावती नाही. ड्रायव्हर जिवंत असेल तर त्याची साक्ष, नाहीतर आईची साक्ष. आयुष्यभर ज्याला कुणी कामगार म्हणून लिहिलं नाही, तो कामगारच होता हे त्याच्या आईने सिद्ध करायचं.

किन्नर उतरला

आज माजिवड्याच्या पुलाखाली किंवा शीळफाट्याला उभं राहून जाणाऱ्या केबिन मोजा. बहुतेकांत एकच माणूस दिसेल. डावी सीट रिकामी. किन्नर कुणी एका दिवशी काढून टाकला नाही. त्याची कामं एकेक करून गेली.

न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि मुंब्रा बायपासने, घोडबंदरने कंटेनर वाहू लागले. कंटेनरला सील असतं, ताडपत्री आणि दोर लागत नाही. बिनट्यूबच्या रेडियल टायरांनी रस्त्यातलं पंक्चर कमी केलं. मुंबईच्या जकातीसाठी मुलुंड नाक्यावर गाड्यांची रांग लागे आणि कागद घेऊन खिडकीवर उभा राही तो किन्नर. राज्यात बहुतेक शहरांतून जकात आधीच गेली होती, मुंबईची १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेली. २०१८ च्या एप्रिलपासून ई-वे बिल आलं आणि फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाची इंजिनं आली. ती बिघडली तर पान्याने दुरुस्त होत नाहीत, संगणक लावावा लागतो. मागे पाहायला कॅमेरा आला.

नियमानेही हात दिला. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली. १९८९ च्या केंद्रीय नियमांत अशा गाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला आडवं होता येईल अशी जागा असावी, असं लिहिलेलं होतं. व्यवहारात कागदावर दुसऱ्या ड्रायव्हरचा लायसन्स नंबर असे आणि सीटवर किन्नर. माझ्या हातांनीही असे कागद लावले आहेत, हे कबूल करतो. २०१८ साली दोन चालकांची अट काढून टाकण्यात आली. डिझेल, टोल, हप्ता यांच्या ओझ्याखालच्या मालकाने दुसऱ्या माणसाचा भत्ता वाचवला. यात त्याला दोष देता येत नाही, भाड्याचा दर तो ठरवत नाही.

लहान मुलं गाडीवरून उतरली, ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्यांच्याबरोबर शाळाही उतरली. आता मालक आणि वाहतूक कंपन्या ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून तक्रार करतात. ड्रायव्हर जिथे तयार होत होता ती सीटच रिकामी आहे, याचा त्या तक्रारीत उल्लेख नसतो.

अडतीस तास

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. वाहतुकीच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली काढण्यात आली. कित्येकांच्या आड आलेली ही अट होती. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. तिथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. सिम्युलेटर आहे, चाचणीचा ट्रॅक आहे, आणि अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला लायसन्ससाठी पुन्हा वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. वातानुकूलित केबिनच्या सक्तीची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांसाठी तारीख ठरली.

३८ तास वाईट नाहीत. या शिकाऊ माणसाचं नाव रजिस्टरमध्ये येतं आहे. पण दादाच्या वेळी मुंबई-इंदूरच्या एका फेरीत जाऊन-येऊन एवढे तास सहज भरत, आणि त्याने अशा सहा वर्षांच्या फेऱ्या डाव्या सीटवरून पाहिल्या, तेव्हा कुठे उजवी सीट मिळाली. यातलं चांगलं ते ठेवून वाईट ते टाकता आलं असतं. अठरा वर्षं पूर्ण झालेला, पगारी, विमा असलेला, करारावर घेतलेला सहायक जाणत्या ड्रायव्हरबरोबर वर्षभर लाइनवर फिरतो आहे, हे काही अशक्य स्वप्न नाही. १९६१ च्या दोन कायद्यांत ते अर्धं-अर्धं लिहिलेलंच होतं. दोन्ही अर्धे एकत्र आणणं राहून गेलं.

१९८७ च्या निकालातला तो मुलगा आणि आजचा एकटा ड्रायव्हर या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत, असं मला वाटतं. तेव्हा शिकणारा होता आणि शिकवण्याची जबाबदारी कुणावर नव्हती. आता शिकवण्याचे नियम आहेत आणि रात्री दोन वाजता कसाऱ्यात टायर वाजवायला खाली उतरणारा दुसरा माणूस नाही.

सायबर कॅफेतली गोष्ट अर्धी राहिली. कॅफेतल्या मुलाला मी पस्तीसचे एक्केचाळीस करायला सांगितलं. त्याने केलेही. दादाने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खोड ते. उद्या कुणी विचारलं, चौदाव्या वर्षी गाडीवर काय करत होतास, तर काय सांगू?" मी म्हटलं, आता कोण विचारणार? तो म्हणाला, "तुला काय माहीत. नाक्यावर मी उतरायचो, तू नाही."

पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या आवाजात ती भीती शिल्लक होती. मुलाने पुन्हा पस्तीस लिहिलं आणि कार्ड निघालं. घरी येताना पत्री पुलावर गाड्या अडकल्या होत्या. रिक्षाच्या शेजारी एक रिकामा दहाचाकी उभा होता. दादा सवयीने त्याच्या मागच्या चाकांकडे पाहत होता. मग ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, "भाऊ, डाव्या बाजूचा आतला बसलाय बघा." ड्रायव्हरने एकटाच असल्याची खूण करत हात हलवला. सिग्नल सुटला आणि गाडी तशीच पुढे गेली.